काही नाही, काही नाही

रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर एक गृहस्थ उभे होते. साठीच्या पुढचे असावेत. जिन्याच्या मधोमध जो लोखंडी कठडा असतो, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि ते खाली बघत होते. संध्याकाळची वेळ, गाडी नुकतीच आलेली, वर चढणाऱ्यांचा लोंढा. नदीतल्या खडकाला पाणी वळसा घालतं तसा तो लोंढा त्यांच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकत होता. मीही त्या लोंढ्यातच होते. मला ते दिसले. चांगले नीट दिसले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आलेली कापडी पिशवी. ती सावरायला त्यांनी एक हातसुद्धा सोडला नव्हता. कठड्यावरची पकड इतकी घट्ट होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. एवढं सगळं मी पाहिलं आणि पुढे गेले.

आठ-दहा पायऱ्या चढून झाल्यावर मागून एका लहान मुलीचा आवाज आला. "आई, त्या आजोबांना खाली उतरता येत नाहीये." खणखणीत आवाज, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा. आई दबक्या स्वरात म्हणाली, "चल गं, असं मोठ्यांदा बोलू नये." पण तोवर ते वाक्य बोलून झालं होतं. चार-पाच जण थबकले. मीही वळले.

माझ्या आधी एक तरुण मुलगी त्यांच्यापर्यंत पोहोचली. तिने काही विचारलं नाही, हात धरला नाही. त्यांच्या खालच्या पायरीवर, त्या गर्दीत, ती सरळ बसली. बॅग मांडीवर घेतली आणि म्हणाली, "काका, जरा बसूया का आपण?"

"काही नाही, काही नाही," ते म्हणाले. आणि हसले. हसू अगदी व्यवस्थित होतं, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसं. बोटं मात्र कठड्यावरून सुटली नव्हती.

"हो, काही नाही. पण बसूया," ती म्हणाली.

मग ते बसले. त्यांना चक्कर येत होती, पायऱ्या एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसत होत्या, आणि ते किती वेळ तसे उभे होते हे त्यांना सांगता येईना. पुढच्या दोन मिनिटांत तिथे डझनभर माणसं जमली. कुणी पाण्याची बाटली उघडून दिली, कुणी वर्तमानपत्राने वारा घातला, एक जण वरच्या पायरीवर उभा राहून गर्दीला "डावीकडून जा, डावीकडून" असं सांगू लागला. एकाने त्यांच्या फोनवरून मुलाला कळवलं. मी त्यांची पिशवी धरून उभी राहिले. माझ्या वाट्याला तेवढंच काम उरलं होतं.

घरी परतताना एकच गोष्ट मनात घोळत राहिली. मदतीला धावलेली ती डझनभर माणसं क्षणभरापूर्वी त्याच लोंढ्यात होती. त्यातल्या प्रत्येकाला ते गृहस्थ दिसले असणार, निदान बऱ्याच जणांना तरी. त्या लहान मुलीच्या एका वाक्यामुळे कुणाचं हृदय अचानक मोठं झालं असेल असं मला वाटत नाही. माणसं तीच होती. त्या एका मिनिटात बदललं काय?

या प्रश्नामागे मी बरेच दिवस लागले होते, आणि त्या वाचनात पहिल्यांदा हाती लागला तो धुराचा प्रयोग. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कोलंबिया विद्यापीठात तो केला. एका खोलीत विद्यार्थ्याला प्रश्नावली भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडायचा. विद्यार्थी एकटा असेल तर चारापैकी तीन वेळा तो उठून बाहेर जाऊन सांगायचा. पण सोबत आधीच पढवून ठेवलेले दोघे जण असतील, आणि ते धुराकडे एकदा बघून खांदे उडवून पुन्हा लिहायला लागत असतील, तर दहापैकी एकच जण उठला. बाकीचे नऊ जण डोळे चोळत, खोकत, हाताने धूर बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले. मला सर्वांत जास्त लागलं ते पुढचं. नंतर विचारल्यावर त्यांनी जी कारणं दिली त्यांत भीतीचा किंवा निष्काळजीपणाचा उल्लेख नव्हता. कुणाला ती वाफ वाटली होती, कुणाला वातानुकूलन यंत्राचा दोष. खरं बोलायला लावणारा वायू सोडला असावा, असंही दोघांना वाटलं होतं. म्हणजे धूर दिसत असूनही त्यांच्या लेखी तो धूर राहिला नव्हता. शेजारच्या दोघांच्या शांत चेहऱ्यांनी त्याचा अर्थच बदलून टाकला होता.

जिन्यावर मीही तेच केलं होतं. पांढरी पडलेली पेरं मला दिसली आणि त्याच क्षणी मी आजूबाजूचे चेहरे पाहिले. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. मग माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलं की ते कुणाची तरी वाट बघत असतील. गंमत नाही ही, मला खरंच तसं वाटलं होतं. आणि माझ्या मागून येणाऱ्याने माझा चेहरा पाहिला असेल, त्यावरही काही नसेल.

आता इथे संस्कृतीचा प्रश्न येतो. कारण चेहऱ्यावर काय दाखवायचं आणि काय आत ठेवायचं, हे माणूस जन्मतःच शिकून येत नाही. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिसन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत या विषयावर काम केलं. जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांनी अंगावर काटा आणणारी दृश्यं दाखवली. एकटं बसून बघताना दोन्हीकडचे चेहरे जवळपास सारखेच आक्रसत होते. पण प्रयोग घेणारी व्यक्ती खोलीत असली की जपानी विद्यार्थी ती किळस हसण्याखाली झाकताना जास्त दिसले. या प्रयोगावर पुढे आक्षेपही घेतले गेले, आणि दोन देशांतल्या मूठभर विद्यार्थ्यांवरून अख्ख्या समाजाबद्दल बोलू नये हेही खरंच. तरी त्यातला मूळ मुद्दा मला पटतो, कारण तो मी जिन्यावर पाहिला आहे. चक्कर येऊन पडायच्या बेतात असलेला माणूस "काही नाही, काही नाही" म्हणत हसतो. चारचौघांत आपलं दुखणं उघडं पडू नये, कुणाला आपल्यामुळे खोळंबा होऊ नये, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की तोल जात असतानाही चेहऱ्याचा तोल त्यांनी सांभाळला होता. त्यांचा चेहरा झाकलेला, त्यांच्याकडे बघणाऱ्यांचाही झाकलेला. दोन्ही बाजूंना सभ्यताच होती, आणि तिच्यामुळेच कुणाला काही कळत नव्हतं.

दुसरी बाजू चेहरे वाचण्याची. ताकाहिको मासुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ सालचा एक अभ्यास आहे. चित्रात मधोमध एक माणूस, मागे चार जण. मधला माणूस हसतोय, मागचे चौघे कधी हसताहेत, कधी रागावलेत, कधी खिन्न आहेत. मधल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते सांगा, एवढाच प्रश्न. अमेरिकी लोकांची उत्तरं मागच्या चेहऱ्यांनी फारशी हलली नाहीत. जपानी लोकांची हलली. मधला माणूस हसत असला तरी मागचे खिन्न असतील तर त्याचा आनंद त्यांना कमी वाटला. नजर कुठे जाते ते मोजलं तेव्हाही दिसलं की ते मागच्या चौघांकडे जास्त बघत होते. एकाच चित्रासमोर बसलेली ही माणसं दोन निराळी चित्रं पाहत होती. माणसाला त्याच्या भोवतालापासून सुटा करून बघायचं की भोवतालासकट, ही सवय लहानपणापासून लागत जाते. मी दुसऱ्या प्रकारची आहे हे मला माहीत आहे. खोलीत शिरले की आधी मला सगळ्यांचे चेहरे दिसतात, खुर्च्या नंतर. ही सवय फार उपयोगी पडते, एखादा आतून दुखावलेला आहे हे न बोलता कळतं. पण जिन्यावर तिनेच मला फसवलं. एका माणसाची पेरं जे ओरडून सांगत होती, ते मी शंभर निर्विकार चेहऱ्यांना विचारून पडताळत बसले.

या विषयावर कुणाशी बोलायला गेलं की हटकून एक गोष्ट निघते. १९६४ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला, आणि ३८ शेजाऱ्यांनी खिडकीतून तो बघूनही कुणी काही केलं नाही. शहर माणसाला दगड बनवतं, हे सांगायला ही गोष्ट पिढ्यानपिढ्या वापरली गेली. डार्ली आणि लाताने यांचं कामही तिच्यापासूनच सुरू झालं. पण गोष्ट त्या रूपात खरी नव्हती. सगळा हल्ला नीट दिसला असे लोक फारच थोडे होते. बहुतेकांनी मध्यरात्रीनंतर नुसते आवाज ऐकले होते आणि ते कशाचे हे त्यांना कळलं नव्हतं. पोलिसांना कळवल्याचं काहींनी सांगितलं. आणि एक शेजारीण जिना उतरून तिच्यापर्यंत गेली होती, शेवटच्या क्षणांत तिने तिला जवळ घेतलं होतं. ज्या वर्तमानपत्राने ती बातमी दिली होती त्यानेच २०१६ साली तिच्यातल्या चुका मान्य केल्या. त्या शेजारणीबद्दल कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. ५० वर्षं आपण न आलेल्यांची गोष्ट सांगत राहिलो, आणि जी आली तिला त्यात जागाच नव्हती.

मग माणसं खरंच बघत उभी राहतात का? २०१९ साली रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, इंग्लंडमधलं लँकेस्टर आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांची खरी चित्रणं तपासली. २१९ भांडणं, मारामाऱ्या. दहापैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलेलं होतं. केपटाऊनमध्ये हिंसाचाराची भीती कितीतरी जास्त, तरी तिथेही प्रमाण साधारण तेवढंच. आणि जितके लोक जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. हे वाचून माझा आधीचा सगळा विचार विस्कटला. संस्कृती इतकी महत्त्वाची असेल तर तीन खंडांइतकी नाही तरी तीन देशांइतकी दूरची ही शहरं सारखी कशी वागली?

खूप दिवसांनी मला वाटलं ते असं. मारामारीत संशयाला जागा नसते. दोन माणसं एकमेकांना मारताहेत हे पाहणाऱ्याला कुणाच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागत नाही. तिथे जगभर माणूस धावतो. जिन्यावर कठडा धरून उभा असलेला माणूस मात्र काहीही असू शकतो. आजारी, वाट बघणारा, दमलेला, नशेत असलेला. 'हे नक्की काय चाललंय' हा प्रश्न जितका वेळ सुटत नाही, तेवढ्या त्या काही सेकंदांच्या फटीतून संस्कृती आत शिरते आणि उत्तर देऊन मोकळी होते. नशेचंच घ्या. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस डब्यातच कोसळायचा. हातात काठी असली की ६५ पैकी ६२ वेळा प्रवासी आपणहून उठले. तोच प्रकार, पण अंगाला दारूचा वास आणि हातात कागदात गुंडाळलेली बाटली असली की ३८ पैकी १९ वेळा. पडणं सारखंच होतं. कोणाचं पडणं 'बिचाऱ्याचं' आणि कोणाचं 'स्वतःच्या कर्माचं', हे मात्र प्रवासी डब्यात चढायच्या आधीपासून शिकून आले होते.

लहानसहान प्रसंगांत तर हा फरक आणखी उघड दिसतो. रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ देशांतल्या मोठ्या शहरांत अगदी साध्या गोष्टी करून पाहिल्या. चालता चालता पेन खाली पाडायचं. पाय जायबंदी असल्यासारखं लंगडत जमिनीवर पडलेली मासिकं उचलायला धडपडायचं. अंध व्यक्ती म्हणून सिग्नलपाशी उभं राहायचं. २००१ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत रिओ दी जानेरो ९३ टक्क्यांवर होतं आणि क्वालालंपूर ४० टक्क्यांवर. कोलकाता ८० च्या वर, न्यूयॉर्क ५० च्या खाली. लॅटिन अमेरिकेत आणि स्पेनमध्ये ज्याला 'सिंपातिया' म्हणतात, म्हणजे अनोळखी माणसाशीही ऊबदार मनाने, हसतमुखाने, मोकळेपणाने वागायचा जो संस्कार, तो असलेल्या देशांत सरासरी जास्त मदत मिळाली. पेन पडल्यावर हाक मारायला धैर्य लागत नाही, पैसा लागत नाही. फक्त अनोळखी माणसाशी बोलणं ही आगळीक नाही, एवढं मनात आधीपासून असावं लागतं. क्वालालंपूरची माणसं मनाने कोरडी आहेत असा अर्थ मी यातून काढणार नाही, आणि कुणी काढू नये. परक्याच्या वाटेत न येणं हाही आदरच आहे, अशी शिकवण जिथे असते तिथे पेन उचलणारा हात थोडा अडखळतो.

आणि मुळात 'विचित्र' कशाला म्हणायचं, हे तरी कुठे एकसारखं आहे? मिशेल गेलफँड यांनी ३३ देशांतल्या सुमारे ७,००० लोकांना विचारलं की हसणं, रडणं, गाणं, वाद घालणं, खाणं अशा १२ गोष्टी ग्रंथालय, बँक, बाग, बस, अंत्ययात्रा अशा १५ ठिकाणी कितपत चालतील. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाकिस्तान, मलेशिया, भारत हे देश 'घट्ट', म्हणजे वागण्याचे नियम कडक असलेल्या, टोकाला होते, युक्रेन, एस्टोनिया, हंगेरी 'सैल' टोकाला. घट्ट समाजात बसमध्ये मोठ्याने रडणारी बाई ही घटना असते, सैल समाजात ती रडणारी एक बाई असते. पण घट्ट म्हणजे निर्दय असं अजिबात नाही. कोलकात्याचा आकडा वर आहेच. उलट कधी कधी जिथे नियम घट्ट तिथे मोडलेला नियम लगेच डोळ्यांत भरतो, आणि माणसं लवकर जमतात. जमल्यावर सांत्वन करतात की समज देतात, हा पुढचा प्रश्न.

'विचित्र' कशाला म्हणायचं याचे हे उंबरठे सरकतातही. रस्त्याने एकटंच हातवारे करत बोलत जाणाऱ्या माणसाला बघून लोक बाजू बदलायचे, तो काळ फार जुना नाही. कानात बोटाएवढं यंत्र आलं आणि काही वर्षांत एकटं बोलणं ही रोजचीच गोष्ट झाली. आता खरोखर भ्रमात बोलणारा माणूसही त्या गर्दीत खपून जातो. त्याची भीती कमी झाली हे बरं झालं. त्याला मदत हवी आहे हे ओळखणारी नजरही त्यासोबत गेली.

त्या लहान मुलीकडे मी पुन्हा पुन्हा येते. २००७ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात जोशुआ बेल हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक साध्या कपड्यांत ४३ मिनिटं वाजवत उभा राहिला. १,०९७ जण समोरून गेले. थोडा वेळ तरी थांबून ऐकणारे सात. लोकांना संगीत कळत नाही, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. मला तो अन्यायाचा वाटतो. सकाळी कामावर निघालेल्या माणसाला स्थानकाने आणि घड्याळाने आधीच सांगून ठेवलेलं असतं की इथे थांबायचं नसतं. पण त्या चित्रणातली एक गोष्ट विसरता येत नाही. तिथून गेलेल्या प्रत्येक लहान मुलाने थांबायचा, वळून बघायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी मोठ्या माणसाने त्याला ओढून पुढे नेलं. "असं मोठ्यांदा बोलू नये," हे जिन्यावरचं वाक्य आणि हे ओढून नेणं एकच आहे. संस्कृती मुलाच्या अंगात उतरते ती अशीच, मनगटाला बसणाऱ्या हलक्याशा झटक्यातून. त्या आईला मी दोष देत नाही. तिची मुलगी उद्या कुणाच्या व्यंगाकडे बोट दाखवून मोठ्याने बोलू नये म्हणून तो झटका लागतोच. त्याच झटक्याने आजोबांकडे बोट दाखवणारा हातही खाली येतो, ही त्यातली अडचण आहे. त्या दोन्हींतला फरक मुलाला कसा शिकवायचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

आपल्या भाषेत 'बघ्या' हा शब्द आहे, आणि तो चांगल्या अर्थाने कधी येत नाही. जर्मन लोक त्यालाच 'गाफर' म्हणतात, जपानीत 'याजिउमा' आहे. जो मदतीला येतो त्याच्यासाठी मात्र मराठीत तसा सुटसुटीत शब्द मला आठवत नाही. आपण म्हणतो 'धावून आला'. बघ्या हे नाम आहे, कपाळावर कायमचं चिकटणारं. धावून येणं हे क्रियापद आहे, केलं तेवढ्यापुरतं. मला यात आशा दिसते. जिन्यावरचे आम्ही सगळे आधी बघे होतो, आणि बघे होतो म्हणूनच धावून जाऊ शकलो. ज्याने पाहिलंच नाही तो येणार कुठून? फोन वर करून चित्रण करणाऱ्यांबद्दल मात्र माझ्या मनात अशी मृदू भावना नाही. जर्मनीत अपघातात गेलेल्या माणसाचे फोटो मानहानी होईल असे काढणं २०२१ पासून गुन्हा आहे, आणि संकटातल्या माणसाला शक्य असूनही मदत न करणं हा गुन्हा तर तिथे त्याआधीपासून आहे. कायद्याने कणव येत नाही हे मान्य. पण समाज कशाला लाज मानतो हे तरी त्यातून दिसतं.

कायद्याची दुसरीही एक बाजू आहे, भीतीची. मदत करायला जावं आणि आपणच अडकावं, ही भीती काल्पनिक नसते. चीनमध्ये पडलेल्या वृद्धेला इस्पितळात नेणाऱ्या तरुणालाच नुकसानभरपाई द्यायला लावणाऱ्या एका निकालानंतर, रस्त्यावर पडलेल्याला उचलावं की नाही यावर देशभर वर्षानुवर्षं चर्चा चालली. अखेर २०१७ साली मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम आलं. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याचं संरक्षण कलम १३४-अ म्हणून आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. तरी 'कशाला त्या भानगडीत पडायचं' हे वाक्य अजून घराघरांत ऐकू येतं. कलम एका दिवसात लागू होतं, वाक्य पुसायला पिढी जावी लागते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की माझं सगळं माप मोकळेपणाच्या बाजूने आहे. तसं नाही. आणि त्याचं कारणही एक प्रसंगच आहे.

काही वर्षांपूर्वी, जिथली भाषा मला येत नव्हती अशा एका शहरात, भरलेल्या बसमध्ये माझ्या नाकातून अचानक रक्त येऊ लागलं. थेंब-दोन थेंब नव्हे, चांगली धार. कोटावर, हातावर, पायाजवळच्या बॅगेवर. रुमाल सापडेना. समोर बसलेल्या माणसाने एकदा पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर नेली. शेजारच्या बाईने पुस्तकाचं पान उलटलं. मला रडू यायला लागलं होतं, दुखत नव्हतं तरी. इतक्या माणसांत आपण कुणालाच दिसत नाही आहोत, अशी ती भावना. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात माझ्या खांद्याशी आला. त्यात घडी घातलेला स्वच्छ रुमाल होता. मी तो घेतला, वळून आभार मानायला गेले, तर तो हात मागे गेलेला आणि त्या हाताची बाई खिडकीबाहेर बघत होती. दोन मिनिटांनी समोरच्या माणसाने, मान न वळवता, कागदी रुमालांचं पाकीट माझ्या बाजूच्या कठड्यावर ठेवलं. पुस्तकवाल्या बाईने पाय आखडून घेतले आणि माझी बॅग अलगद रक्तापासून दूर सरकवली. हे सगळं एका शब्दाशिवाय झालं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही ते मला एकटं टाकायला नाही, हे तेव्हा मला कळलं. रक्ताने माखलेल्या, डोळ्यांत पाणी आलेल्या बाईला कुणी टक लावून बघू नये, एवढी आब ते माझी राखत होते.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ सालच्या आपल्या पुस्तकात अनोळखी माणसांच्या या रीतीचं वर्णन केलं आहे. समोरच्याला पाहिल्याची पोच देण्यापुरती नजर टाकायची आणि मग ती काढून घ्यायची, म्हणजे त्याला आपण कुतूहलाचा विषय झालो आहोत असं वाटत नाही. ते वाचताना मला तो रुमाल आठवला. जिन्यावर हीच रीत एका माणसाच्या मुळावर उठली होती, बसमध्ये तिनेच मला सांभाळलं.

जिन्यावरच्या त्या तरुण मुलीने या दोन्ही गोष्टी जुळवल्या होत्या. ती थांबली, पण समोर उभी राहून प्रश्न विचारत बसली नाही. 'काही नाही' हे त्यांचं म्हणणं तिने खोडलं नाही, आणि ऐकून सोडूनही दिलं नाही. शेजारी बसली. मी तेव्हापासून ते करून बघते आहे. जमतंच असं नाही. कधी माणसं चमकतात, एकदा एकाने "तुम्हाला काय करायचंय?" असं तोंडावर विचारलं. त्याचंही चुकलं नव्हतं.

मागच्या महिन्यात रात्रीच्या गाडीची वाट बघत होते. फलाटावरच्या बाकाच्या एका टोकाला एक मुलगी मान खाली घालून बसली होती. केस पुढे आलेले, चेहरा दिसत नव्हता. माणसं येत होती, बाकाकडे बघत होती आणि पुढच्या बाकावर जाऊन बसत होती. मी जवळ जाऊन विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"काही नाही," ती म्हणाली. मान वर न करता.

"बरं," मी म्हटलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. फोन काढला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. समोरच्या रुळांवर कसलासा कागद वाऱ्याने पुढे-मागे होत होता, तो बघत राहिले. माझी गाडी आली. दारं उघडली, मिटली, गाडी गेली. पुढची २० मिनिटांनी होती.

बऱ्याच वेळाने बाकाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

"तुमच्याकडे पाणी आहे का?"